थोरली आणि लातूरची

आमच्या मुखेडच्या गल्लीत टँकर आला की बाया घागरी घेऊन पळायच्या, आणि आमच्या सासूबाई दारातल्या दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आज मला लातूरचीनं न्हाऊ घातलं बघा. कसं ऊन ऊन पाणी! पाठ चोळून दिली, वेणी घातली. लई गुणाची पोर हाय."

लातूरची म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती तेव्हा लातूरला तिच्या सरकारी क्वार्टरात होती, आणि बहुतेक पंख्याखाली होती. न्हाऊ घालणारी थोरली सून, म्हणजे मी, दोन बायांच्या मधे घागर खुपसून त्याच रांगेत उभी होते. माझ्या पातळाचा काठ त्यांच्याच आंघोळीनं भिजलेला होता. शेजारीण माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायची आणि मी घागर उगीच या कमरेवरून त्या कमरेवर घ्यायचे.

मी जळत होते. आता साळसूदपणा कशाला करू? लोक सांगतात, म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मनावर घेऊ नये, त्यांना काय कळतंय. हे सांगणाऱ्यांनी एकदा भर उन्हात हापशावरून खेपा आणाव्यात, ते पाणी तापवावं, त्या पाण्यानं सासूचं अंग चोळावं, आणि मग तिच्याच तोंडून दुसरीची आरती ऐकावी. मनावर घ्यावं की न घ्यावं ते मग बोलू.

उस्मानाबाद जिल्हा फोडून लातूर वेगळा जिल्हा केला, तिथून आमच्या घराचेही दोन भाग पडले. नवी कचेरी निघाली, नव्या जागा निघाल्या. माझे दीर इकडं तहसिलात कारकून होते, त्यांनी खटपट करून तिकडं बदली करून घेतली. आमच्या मालकांचं मुखेडात किराणा दुकान, ते कुठं जाणार? आणि ते नाही म्हणजे मी नाही. सासरे आधीच गेले होते. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, कुठं राहता असं कुणी विचारलंच नाही, कारण त्या तेव्हा धडधाकट होत्या आणि घर त्यांचंच होतं. दुकानात बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक वाढलं की त्या स्वतः येऊन तूरडाळ मापायच्या आणि आमच्या मालकांना गिऱ्हाइकासमोर दटावायच्या.

जाऊ निघाली तो दिवस मला लख्ख आठवतो. टेम्पोत तिनं पाट घेतले, पोळपाट घेतला, उखळीतलं मुसळसुद्धा घेतलं. फक्त घागरी घेतल्या नाहीत. "अक्का, या तुम्हांलाच ठेवा," म्हणाली, "तिकडं नळ हाय म्हणं घरात." चांगल्या मनानंच म्हणाली असेल. पण त्या घागरी मी पुढं वाहिल्या, आणि खेपेखेपेला तिचं ते 'तुम्हांलाच ठेवा' माझ्या कानात वाजायचं. टेम्पो गेल्यावर आत्याबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "घर सुनं झालं गं." मी तिथंच उभी होते. मला वाटलं, मी काय भिंत आहे का?

मग पाऊस रुसला. एक साल रुसला, दुसरं साल रुसला. आडात खापर सुद्धा भिजेना. हापशाचा दांडा मारून मारून छातीत कळ यायची, तेव्हा कुठं तांबडं पाणी यायचं. आणि नेमकं त्याच सुमारास आत्याबाईंचं सुरू झालं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

आम्ही लिंगायत वाणी. गळ्यात लिंग असतं, चांदीच्या चौक्यात, म्हणजे लहानशा डबीत. रोज आंघोळ करायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं, कपाळावर इबुतीची, म्हणजे भस्माची, तीन बोटं ओढायची, आणि मगच तोंडात घास घालायचा. पूजेआधी अन्न नाही. आत्याबाईंनी हा नेम ना तापात मोडला होता, ना बाळंतपणात. आता काय व्हायचं, त्या पूजा करायच्या, चौका मिटायच्या, भिंतीला धरून चुलीपर्यंत यायच्या आणि ताटासमोर थबकायच्या.

"अगं, पूजा राहिली की माझी."

"झाली आत्याबाई. आत्ताच केली की."

"खोटं बोलून राहिली का? आंघोळीला पाणी काढ."

पाणी काढ! जसं काय दाराशी मन्याड नदी वाहते आहे. नाही काढलं तर जेवणार नाहीत. ताट सरकवून देणार आणि भिंतीकडं तोंड करून बसणार. काढलं तर आंघोळ, पूजा, पुन्हा चूल, पुन्हा थबकणं. "अगं, पूजा राहिली की." त्यांचं पोट खपाटीला गेलं आणि माझा रांजण तळाला गेला. आमचे मालक जेवायला यायचे, हात धुवायला पाणी मागायचे, रांजणात वाकून बघायचे आणि म्हणायचे, "एवढं पाणी जातं कुठं?" मी म्हणायचे, "तुमच्या आईला विचारा." ते विचारायचे नाहीत. जेवून दुकानात जायचे.

आधी मी आरसा दाखवला. "हे बघा आत्याबाई, कपाळावर इबूत हाय का न्हाई? म्हणजे पूजा झाली." त्यांनी आरशात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "या बाईची झाली असंल. माझी कुठं झाली?" मला हसू आलं आणि मग रडू आलं, आणि मग तव्यावरची भाकरी करपली.

मग एक दिवस सुचलं. घास घ्यायला माणूस कुठं बघतं? हाताकडं. म्हणून पूजा झाली की मी कपाळाच्या जोडीला त्यांच्या उजव्या मनगटावर, जरा वरच्या अंगाला, हात धुतला तरी पुसणार नाही अशी इबुतीची तीन बोटं ठळक ओढायला लागले. भाकरीकडं हात गेला की नजर त्याच्यावर जायची. त्या थांबायच्या, बोटांकडं बघायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "हां. झाली वाटतं." आणि जेवायच्या! मुकाट जेवायच्या. पहिल्यांदा जेवल्या तेव्हा मी चुलीसमोर बसून टाळ्या पिटायची तेवढी राहिले. आपण जिंकलो असं वाटलं मला.

त्याच संध्याकाळी त्या दगडावर बसून शेजारणीला सांगत होत्या, "लातूरचीनं हातावर इबूत लावली माझ्या. तिला सगळं सुचतं."

अगं माय! मी आतून ऐकलं आणि हातातली परात आपटली.

हळूहळू मला त्यांच्या डोक्यातली वाटणी कळली. घरात एकच सून होती, मी. पण त्यांच्यापुरत्या दोघी होत्या. जे बरं झालं ते लातूरचीनं केलं. जे वाईट झालं ते थोरलीनं. न्हाऊ घातलं, लातूरचीनं. साबण डोळ्यांत गेला, थोरलीनं घातला. भाकरी मऊ, लातूरचीची. भाकरी कडक, थोरलीची. चौका सापडेना झाला, म्हणजे त्यांनीच ज्वारीच्या कणगीत ठेवून दिलेला, की "थोरलीनं चोरला." आणि मी कणगीतून काढून दिला की माझ्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, "तू हायस म्हणून बाई. ती थोरली मला उपाशी मारून राहिली."

"हाव का?" मी विचारायचे.

"हाव. लई द्वाड हाय. तू तिला काही बोलू नको, उगं तुझ्यावर उखडंल."

"आणि थोरली हाय कुठं आत्ता?"

"गेली असंल माहेरी. कामाच्या वक्ताला कधी दिसती का ती?"

माहेरी! बिलोलीला माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा मी अक्षता टाकून त्याच पावली परत आले होते, कारण शेजारीण म्हणाली होती संध्याकाळपर्यंतच सांभाळीन. बहिणीच्या अंगाची हळद मी नीट बघितली नाही. आणि ही बाई सांगते थोरली माहेरी गेली.

मला एवढंच पाहिजे होतं, की एकदा, फक्त एकदा, त्या दगडावर बसून चारचौघींत त्यांनी म्हणावं: हे थोरलीनं केलं. पाणी नाही मागितलं मी, नळ नाही मागितला, क्वार्टर नाही मागितलं. हेवा सगळ्याचा होता, ते खोटं नाही बोलणार. पण मागितलं एवढंच.

आमच्या मालकांना मी एकदा सांगून बघितलं. ते म्हणाले, "अगं, तिला समजत न्हाई. तिच्यासाठी तू काय आणि ती काय, दोघी सारख्याच." मी म्हटलं, "मग तुम्ही काय आणि भावजी काय सारखेच का? तुम्हांला ती बरोबर हाक मारते की." त्यावर ते तंबाखू मळत राहिले. खरंच, पोटच्या पोरांना ती कधी चुकली नाही. दोन्ही पोरं तिला शेवटपर्यंत नीट ओळखू यायची. पोरं दिसायचीच किती, आणि करायचीच काय, की तिचा घोळ व्हावा?

नांदेडला एका डॉक्टरकडं नेलं होतं एकदा. त्या फेरीचं कौतुक पुढं कितीतरी दिवस गल्लीत झालं: "आईला नांदेडला दाखवून आणलं बघा." दाखवून आणलं यांनी, आणि बसमध्ये आईच्या ओकारीखाली ओंजळ धरली मी. डॉक्टरांनी यांना विचारलं, "झोप कशी आहे?" यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं. यांनी डॉक्टरांना सांगितलं. "जेवण?" पुन्हा यांनी माझ्याकडं बघितलं, मी सांगितलं, यांनी सांगितलं. मधे दुभाष्या बसवल्यासारखं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "वयाचा आजार आहे, मेंदू थकतो, यावर औषध नाही. सांभाळायचं, बस." हे यांच्याकडं बघून म्हणाले. यांनी मान डोलावली. घरी आल्यावर सांभाळायला लागले मीच.

जाऊ दिवाळीला आली. नायलॉनचं पातळ, पेढ्यांचा पुडा, पायांत टाचेच्या चपला. आत्याबाईंनी तिला ओळखलं का? कसचं. "या बाई, कुणाकडं आलात?" म्हणाल्या. मला काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! पण जाऊ हुशार. तिनं म्हातारीच्या डोक्याला तेल लावलं, अंगणात, सगळ्या गल्लीच्या देखत. तेल थंडगार, बोटं मऊ. आत्याबाई डोळे मिटून म्हणाल्या, "लातूरचीचा हातच तसा." झालं. गल्ली म्हणाली, बघा, सून असावी तर अशी. दूर राहून एवढा जीव. आणि मी तिथंच राखेनं भांडी घासत होते, पाणी वाचावं म्हणून. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

भाऊबीजेच्या दिवशी सगळे जेवायला बसले. मी आत भाकऱ्या थापत होते. जाऊ आत्याबाईंना भरवत होती. मनगटावरची इबूत मी सकाळीच ओढून ठेवली होती, म्हणून त्या निमूट जेवत होत्या, पण ते कोणाला माहीत? जाऊ दिरांना म्हणाली, "बघा, माझ्या हातचं कसं गोड मानून खातात. अक्का उगंच म्हणतात जेवत न्हाईत म्हणून."

मी उठले. हात पिठानं माखलेले तसेच. चौकटीत उभी राहून म्हटलं, "गोड मानून खातात ना? मग घेऊन जा."

"म्हणजे?"

"म्हणजे लातूरला. गल्ली म्हणते तुझा जीव हाय. त्या म्हणतात तुझा हात हाय. नळ पण हाय तुझ्या घरात. घेऊन जा."

आमचे मालक म्हणाले, "सणासुदीचं काय हे?" दीर ताटात बघू लागले. पण सगळ्या गल्लीनं जिचं कौतुक केलंय ती नाही कशी म्हणणार? आपल्याच कौतुकात अडकली ती. "नेते की," म्हणाली, "माझी काय सासू न्हाई का ती?" तिच्या ओठाचा कोपरा थरथरला ते मला दिसलं, आणि खरं सांगते, त्या दिवशीची भाकरी मला फार गोड लागली.

बसस्टँडवर मी तिला बाजूला घेतलं. मला सांगायचं होतं. मनगटाचं सांगायचं होतं, आंघोळीला पुरं पाणी लागत नाही, ओला पंचा फिरवून पायांवर तांब्या ओतला तरी त्यांचं समाधान होतं, हे सांगायचं होतं. मी म्हटलं, "हे बघ, पूजेचं एक लक्षात ठेव..." तिनं माझा हात झटकला. "अक्का, मला का पूजा शिकवून राहिलात? मी पण लिंगायताच्याच पोटची हाय." लातूरच्या वाटेवरच्या शिरूर ताजबंदची गाडी लागली होती. आत्याबाईंना खिडकीशी बसवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, खिडकीच्या गजाला धरून फलाटावरच्या शेळ्या बघत राहिल्या.

घरी आले. घर रिकामं. रांजण भरलेला, आणि भरलेलाच राहिला. मी दुपारची पाय पसरून झोपले. उठले तर कुणी हाक मारलेली नव्हती. बिलोलीला गेले, आईच्या हातचं खाल्लं, बहिणीचं बाळ मांडीवर घेतलं. सुख होतं, नव्हतं असं कसं म्हणू? पण मनातली आग काही विझेना. उलट आता दोन चुली पेटल्या. आधी मी जावेवर जळायचे. आता म्हातारीवरही जळायला लागले. तिथं ती नळाखाली बसली असेल, धो धो पाणी, पंखा, मऊ बोटं. तिथल्या पायरीवर बसून सांगत असेल, मुखेडची थोरली लई वाईट होती. माझ्यामागं माझी काय काय नालस्ती करत असेल! तव्यावर भाकरी टाकली की मला ती क्वार्टरातली पायरी दिसायची, जी मी कधी बघितलीही नव्हती.

मग एक दिवस दीर आले. असे दुपारी, रजा टाकून, दाढी वाढलेली. पाणीही न पिता म्हणाले, "वहिनी, चला. आई जेवत न्हाई."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले. दुधावर ठेवलंय, ते पण थुंकून देती. तुम्ही चला फक्त एकदा."

आमचे मालक म्हणाले, "जा बाई. दुकान सोडून मला तर जमायचं न्हाई." त्यांचीच आई, बरं का.

शिरूरला गाडी बदलली, चाकूर गेलं, आणि दिवस कलायच्या आत लातुरात उतरलो. मी जे लातूर मनात बांधलं होतं ते काही दिसेना. जिल्हा झाला म्हणून नवी कचेरी, नव्या पाट्या, नवी वस्ती, सगळी गर्दी तिथं येऊन कोसळलेली, आणि पाणी मात्र जुनंच, तेही आटलेलं. क्वार्टरांच्या कोपऱ्यावर टँकर उभा होता आणि बायांची रांग होती, आमच्यासारखीच. भांडत पण आमच्यासारख्याच होत्या. दीर म्हणाले, "नळाला आठवड्यातून एकदा येतं, आलं तर." मला आत कुठंतरी बरं वाटलं. देव मला काय म्हणायचं ते म्हणो.

दाराशी पोचले तर आतून आत्याबाईंचा आवाज आला. बारीक, पण तोच ठसका. "हो तिकडं! पूजा न्हाई झाली माझी, अन् घास कोंबून राहिली. थोरले, पाप लागंल तुला. चौका पण तूच चोरला व्हता. जा, तुझ्या माहेरी जा!"

थोरले! मी उंबऱ्यातच थांबले. ती थोरली म्हणत होती ते जावेला. माझ्या वाट्याच्या सगळ्या शिव्या तिला जात होत्या. इतकी वर्षं मी ज्या नावानं मार खाल्ला ते नाव आता तिच्या अंगावर घातलं होतं. मला इतका आनंद झाला, इतका, की मी पदर तोंडात धरला.

आत गेले. जाऊ फरशीवर बसली होती, हातात दूध-भाकरीची वाटी. केस सुटलेले, पातळाचा काठ भिजलेला. तिची बोटं बघितली मी. बादलीच्या कडीनं आणि धुण्याच्या सोड्यानं चिरलेली होती. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, गाल आत गेलेले. कपाळावर इबूत चांगली तीन बोटं. मनगट मात्र कोरं.

मी पूजेच्या टोपलीतून इबुतीची वडी घेतली, बोटं ओली केली, त्यांच्याजवळ बसले, आणि उजवा हात हातात घेऊन मनगटाच्या वर तीन बोटं ओढली, ठळक. त्यांनी हाताकडं बघितलं. मग माझ्या हाताकडं बघितलं. माझा हात उलटा केला, तळव्यावरचे घट्टे अंगठ्यानं चाचपले, पिंपळाच्या पानाची शीर चाचपावी तसे. मग त्यांचा चेहरा असा उजळला की दीर दारातून पुढं आले.

"आली का गं माय," म्हणाल्या. "किती वाट बघितली." आणि जावेकडं वळून, "बघ थोरले. ही माझी लातूरची. आली का न्हाई?"

मी वाटी घेतली. त्यांचा हात पुढं आला, नजर मनगटावर गेली. "हां. झाली वाटतं," म्हणाल्या, आणि घास घेतला. मग दुसरा घेतला.

जाऊ बघत होती. आधी मनगटाकडं, मग माझ्याकडं. "एवढंच?" म्हणाली.

"एवढंच."

मग ती रडायला लागली. हमसून नाही, नुसतं टपटप. "अक्का, मी पहाटेपासून उभी हाय त्या टँकरला. न्हाऊ घालते, धुणं काढते, हे साहेब कचेरीत जातात ते दिवे लागल्यावर येतात. शेजाऱ्यांना ती काय सांगती म्हाईत हाय का? की सगळं लातूरची करती, थोरली नुसती छळती. अन् लातूरची मीच हाय की हो!"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मला ते तोंड ओळखीचं वाटलं. कुठं बघितलं ते आठवायला वेळ लागला नाही. आमच्या रांजणातल्या पाण्यात वाकून रोज बघत होते की मी ते. तिला काहीतरी बरं बोलावं असं वाटलं, पण माझा आनंद अजून उतरला नव्हता. चारचौघांत नाही, पण दिरांच्या नि जावेच्या देखत म्हातारीनं माझा हात धरला होता. मी म्हटलं, "तोंड धू. भाकरी मी टाकते."

चहा झाला. दीर बाहेरच्या खोलीत बसले होते, त्यांनी मला हाक मारली. "वहिनी, खरं सांगू? तुमच्याशिवाय तिचं भागायचं न्हाई. आज बघितलं मी डोळ्यांनी. तुमच्या हातात काय हाय ते हाय. लाखात एक सून मिळाली आईला." एवढी वर्षं मला जे ऐकायचं होतं ते हे. पुरुषाच्या तोंडून, साक्षीदारासकट. मी सुखावले, हो, पार मोरासारखी. आणि मी सुखावलेली असतानाच ते पुढं म्हणाले, "मग उद्याच्या सकाळच्या गाडीनं घेऊन जा तिला. मी येतो स्टँडपर्यंत."

कपातला चहा संपायच्या आत ठरलं सगळं. मला कुणी विचारलं नाही, आणि मी तरी नाही कशी म्हणणार? आदल्या दिवाळीला याच कौतुकात मी जावेला अडकवलं होतं. आता तेच कौतुक माझ्या गळ्यात पडलं होतं, आणि मी ते हौसेनं घालून घेतलं होतं.

सकाळी जाऊ स्टँडवर आली. न्हाली होती, केस बांधले होते, रात्रभर गाढ झोपलेल्या माणसाचं तोंड होतं तिचं. तिनं माझ्या पिशवीत भाकरी-चटणी बांधून दिली, पाया पडली आणि म्हणाली, "अक्का, सणाला येईनच." येईल, मला माहीत होतं. पेढे घेऊन येईल.

आत्याबाईंना खिडकीशी बसवलं, मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, "थोरली येते का आपल्यासंगं?"

"न्हाई आत्याबाई. तिला हितंच ठेवली."

"लई बरं केलंस," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्यांना सांगू शकले असते, की थोरली ती मीच. शेवटची संधी असती ती. पण सांगून काय, त्यांनी लगेच डोकं उचललं असतं.

गाडी हलली. जाऊ खाली उभी राहून हात हलवत होती, आधी एक, मग दोन्ही. दोन्ही मोकळे होते तिचे. आणि त्या घटकेला माझ्या पोटात पुन्हा तेच, तसंच पेटलं, टेम्पो गेला त्या दिवसासारखं. मलाही हात हलवायचा होता, निदान दिसावं तिला की मी बघते आहे. पण माझा हात म्हातारीनं दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.